वगळलेले विधान

एकदा मडगावातील एका वृद्ध अध्यापकांकडे त्यांची विद्यार्थिनी मोठ्या उत्साहाने आली. अध्यापकांचे आडनाव धुमे. मानसशास्त्र आणि पोर्तुगीज, दोन्ही विषयांवर त्यांचे प्रभुत्व होते. पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहत असत.

विद्यार्थिनी स्वरूपा हिचे संशोधन तल्लीनतेवर होते. आवडीच्या कामात माणूस किती बुडून जातो, हे मोजणारी एक परदेशी प्रश्नावली तिने पोर्तुगीजमध्ये आणली होती आणि ती भाषा अजूनही घरात बोलणाऱ्या दोनशे वृद्धांकडून भरून घेतली होती. ‘वेळ कसा गेला ते कळत नाही’, ‘माझा मला विसर पडतो’, ‘आजूबाजूचे भान राहत नाही’ अशी तिची विधाने. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे.

“सर, भाषांतर उलट मूळ भाषेत करून पाहिलं, मुळाशी जुळलं. उत्तरंही एकमेकांशी जुळतात. एकच विधान सगळं बिघडवत होतं, ‘हे पुन्हा करावेसे वाटते’. ते वगळलं. आता तुमची सही झाली, की सोमवारी प्रबंध विद्यापीठात देते.”

सरांनी सही केली नाही. त्यांनी एक कोरी प्रश्नावली मागून घेतली आणि तिच्यासमोरच भरली. स्वरूपाने वगळलेले विधान सोडून बेरीज केली. गुण पैकीच्या पैकी होते.

“सर, दोनशे जणांत इतके गुण फक्त एर्मेलिंदा आंटींना पडलेत! तुम्ही एवढे कशात रमता? वाचनात?”

“पत्नी गेली त्या वर्षाचं लिहिलंय मी,” सर म्हणाले. “सकाळी या खुर्चीत बसायचो. काही करत नसे. अंधारलं की कळायचं, दिवस गेला.”

स्वरूपाने बेरजेच्या आकड्याकडे पुन्हा पाहिले.

“तुझी वाक्यं चुकलेली नाहीत,” सर पुढे म्हणाले. “पण रमलेल्या माणसाला वेळेचं भान नसतं, तसं एकट्या पडलेल्यालाही नसतं. दोघंही स्वतःला विसरतात. मात्र त्यातल्या एकालाच पुन्हा तिथे जावंसं वाटतं. तू वगळलेलं विधान इतरांशी जुळणारच नव्हतं. या दोघांना वेगळं ओळखणारं तेवढं एकच होतं.”

“पण सर, सोमवार...”

“आपण काय मोजलं तेच ठाऊक नसताना मी सही कशी करू?”

स्वरूपा रागावूनच घरी गेली. पण तिने एर्मेलिंदा आंटींचा कागद शोधून काढला. आवडीच्या कामाच्या रकान्यात ‘लेस विणणे’ असे लिहिले होते. सगळीकडे पाच गुण, आणि त्या वगळलेल्या विधानापुढे एक.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्या दारी गेली. म्हातारी पडवीत बसली होती. हात रिकामे होते.

“आंटी, लेस पुन्हा विणावीशी वाटत नाही, असं लिहिलंत तुम्ही.”

“लेस कसली, बाय? डोळे अधू झाले तेव्हाच ते सुटलं. कामाचं नाव लिहा म्हणालीस, म्हणून जुनं लिहिलं.” त्या थोड्या ओशाळल्या. “मुलगा लिस्बनला. मी इथे बसते. चर्चची घंटा झाली, की संध्याकाळ झाली समजायचं. तुला खोटं नाही सांगितलं, वेळ कसा जातो ते खरंच कळत नाही.”

मग त्या म्हणाल्या, “तू मागे आली होतीस, तेवढा एक तास मात्र पुरता आठवतो. निळी ओढणी होती तुझी. दोनदा पाणी मागितलंस.”

स्वरूपाने उघडलेली वही मिटून पिशवीत ठेवली आणि ती त्यांच्याजवळ बसली. सोमवारी प्रबंध विद्यापीठात गेला नाही.

आपणही कितीदा वडीलधाऱ्यांना विचारतो, ‘कसा काय जातो वेळ?’ विचारल्यावर क्षणभर तिथे टेकावे.