रानसाक्षी

त्या राज्यात सगळी झाडे मोजलेली होती आणि ती कधीच कमी होत नसत.

राज्य हत्तींचे होते. नदीच्या अलीकडे त्यांचे जुने, घनदाट रान; पलीकडे रेड्यांचे राज्य. रेड्यांनी आपले रान केव्हाच संपवले होते. तिथे आता उसाचे मळे डोलत होते, पण गोठे बांधायला लाकूड उरले नव्हते. हत्तींना ऊस आवडे, त्यामुळे देवघेव ठरायला वेळ लागला नाही. हत्तींनी झाडे पाडून नदीत सोडायची, रेड्यांनी ऊस पाठवायचा. मात्र एकदा हात पोळल्यामुळे रेडे शहाणे झाले होते. त्यांनी अट घातली की जे रान टिकणार असेल, त्याच रानाचे लाकूड आम्ही घेऊ.

हत्तींच्या राजाने लगेच नियम केला. एक झाड पाडले की दोन रोपे लावायची. हे काम खारींकडे आले. त्यांनी एकाच जातीची, सरळसोट आणि भराभर वाढणारी रोपे निवडली, ती सरळ रांगांत लावली आणि रांगेबाहेर काही उगवले की उपटून टाकले. दर वर्षी मोजणी होई आणि दर वर्षी झाडे वाढलेलीच निघत.

रेड्यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. आकडे कुणीही सांगेल, आम्हाला धनेशाची साक्ष हवी, असे ते म्हणाले. धनेश पक्षी जुन्या झाडाच्या ढोलीतच घर करतो आणि त्याला वर्षभर रानफळे लागतात. जिथे धनेश नांदतो ते रान धडधाकट, ही गोष्ट दोन्ही काठांवर लहानथोर सगळे जाणून होते.

रानाच्या मध्यावर एका प्रचंड बेहड्याच्या ढोलीत गुणाजी नावाचा धनेश आणि त्याची बायको सावरी यांचा बारा वर्षांचा संसार होता. गुणाजी दिसायला रुबाबदार होता. लांब बाकदार चोच, तिच्यावर शिंगासारखा तुरा आणि पंखांचा आवाज असा, की अर्ध्या कोसावरून सावरी तो ओळखे. स्वभावाने तो भला होता. फक्त कुणा मोठ्याने काही मागितले की त्याला नाही म्हणता येत नसे, आणि यालाच तो आपला समंजसपणा समजत आला होता.

एके सकाळी राजाचा कारभारी अंतोबा साळिंदर बेहड्याखाली येऊन उभा राहिला. त्याच्या पाठीवर इतक्या लेखण्या होत्या की आयुष्यात त्याला कुणी जवळ घेतले नव्हते. बोलणे मात्र लोण्यासारखे.

"गुणाजीराव, महाराजांनी आपली आठवण काढलीय," तो म्हणाला. "आपण फक्त एवढंच सांगायचं, की या रानात झाडं कमी झालेली नाहीत. खोटं काही सांगायचं नाही. हवं तर आधी येऊन बघा."

गुणाजी जाऊन बघून आला. रोपांच्या रांगा क्षितिजापर्यंत गेल्या होत्या. इतके नीटनेटके काही त्याने जन्मात पाहिले नव्हते. तो भारावूनच परतला आणि सावरीला सगळे सांगू लागला. अंतोबा अजून खालीच बसून होता.

सावरीने ऐकून घेतले. मग फांदीवरून वाकून तिने खाली विचारले, "कारभारी, त्या रोपांना ढोली कधी लागेल?"

"लागेल ना, सावरीबाई. झाड म्हातारं झालं की लागतेच."

"म्हणजे कधी?"

अंतोबाने हिशेब केल्यासारखे डोळे मिटले. "आपल्या पतवंडांच्या पतवंडांना मिळेल."

"आणि तोवर आमची पोरं कुठे राहतील?"

अंतोबा हसला आणि उत्तर त्याने गुणाजीला दिले. "बाईंची काळजी रास्त आहे. म्हणून महाराजांनी आधीच हुकूम काढायचं ठरवलंय. या बेहड्याला कुणी, कधीही, कसल्याही कारणाने हात लावायचा नाही. आपला शब्द आमच्याकडे, आमचा शब्द आपल्याकडे."

"बघ," गुणाजी सावरीला म्हणाला. "आपलं झाड राहतंय."

"आपलं झाड आहे ते," सावरी म्हणाली. "पण आपण काय या झाडाची पानं खातो?"

गुणाजीला तो आडमुठेपणा वाटला. पौर्णिमेच्या सभेत दोन्ही काठांच्या पंचांपुढे त्याने साक्ष दिली. या रानात झाडे कमी झालेली नाहीत, उलट वाढली आहेत, हे त्याने खणखणीत आवाजात सांगितले. रेड्यांनी माना डोलावल्या. राजाने त्याला रानसाक्षी ही पदवी दिली आणि बेहड्याच्या बुंध्याला हुकूम टांगला गेला. सावरी त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, कारण विणीचा काळ आला होता आणि घरात करण्यासारखे पुष्कळ होते.

धनेशांची रीत अशी, की मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत ती अंडी घालते आणि तिची उडायची पिसे गळून पडतात. पिल्ले मोठी होईपर्यंत नराने आणलेल्या फळांवर सगळ्यांनी जगायचे. नर परतला नाही तर आतले सगळे संपते. तरी दर वर्षी मादी आत शिरते. सावरीही शिरली. गुणाजीने चोचीतून माती आणून दिली, तिने दार लिंपले.

ती आत गेल्यावर आठव्या दिवशी तोड सुरू झाली. साक्ष मिळाल्यामुळे रेड्यांची मागणी वाढली होती. हत्ती कळपाने आले आणि बेहड्याभोवतीचे रान कडेकडेने आडवे होऊ लागले. आधी उंबर गेला, मग नांदुर्कीची मोठी झाडे गेली. प्रत्येक झाड पडले की जमीन हादरे.

"काय पडतंय?" सावरीने आतून विचारले.

"वारा आहे," गुणाजी म्हणाला.

फळांसाठी त्याला आधी ओढ्यापलीकडे जावे लागे, मग टेकडीपलीकडे, मग दोन टेकड्यांपलीकडे. दिवसाला दहा खेपा होत, त्यांच्या चार झाल्या. आत दोन पिल्ले निघाली होती. फटीतून येणारी सावरीची चोच फळ घेई आणि लगेच आत जाई. पूर्वी ती क्षणभर त्याच्या चोचीला टेकून राहत असे. ती स्वतः काही खात नव्हती हे त्याला आवाजावरून कळत होते.

तो अंतोबाकडे गेला. "कारभारी, बेहड्याभोवतीची पाचपन्नास झाडं तेवढी ठेवा. पिल्लं उडेपर्यंत. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही."

"बेहड्याला कुणी हात लावला का?" अंतोबाने काळजीने विचारले.

"नाही."

"आणि झाडांची संख्या? ती घटली असं आपलं म्हणणं आहे का? तसं असेल तर आपल्याला साक्ष बदलावी लागेल, गुणाजीराव. मग लोक विचारतील की आधी पाहिलं तेव्हा डोळे कुठे होते."

गुणाजी तसाच उडाला. त्या दिवशी परतल्यावर त्याने प्रथमच बायकोला खरे सांगितले. भोवती काही उरलेले नाही, दार फोड आणि बाहेर ये, असे तो म्हणाला.



"पंखांना पिसं नाहीत माझ्या," सावरी म्हणाली. "आणि या दोघांचे डोळेही उघडले नाहीत. बाहेर येऊन बसू कुठे?"

मग तिने विचारले, "आज किती लांब जावं लागलं?"

"जवळच होतं," तो म्हणाला.

वैशाखात वारे सुटतात. रान भरलेले असताना ते वारे शेकडो झाडांच्या शेंड्यांवर वाटले जात आणि बेहड्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांचा जोर ओसरलेला असे. आता मधे कुणी नव्हते. उघड्या माळावर तो एकटा, भल्यामोठ्या माथ्याचा वृक्ष वाऱ्यापुढे उभा होता. भर दुपारी, गुणाजी तिसऱ्या टेकडीवर असताना, बेहडा मुळांसकट उन्मळून पडला.

गुणाजी घशात सात फळे घेऊन परतला. खोड ढोलीच्या बाजूवर पडले होते. फट जमिनीत गाडली गेली होती. त्याने लाकडाला कान लावला. आत सावरी जिवंत होती. पिल्लांपैकीही एकाचा बारीक आवाज येत होता. त्याने चोचीने माती उकरली, साल ओरबाडली, चोचीची कड चिरेपर्यंत लाकडावर घाव घातले. बेहड्याचे लाकूड तसे मऊ, पण धनेशाची चोच फळ झेलायला केलेली असते.

शंभर पावलांवर हत्तींचा कळप ओंडके ओढत होता. गुणाजी त्यांच्या म्होरक्यापुढे जमिनीवरच उतरला. तो कधी जमिनीवर उतरत नसे.

"दादा, एवढं खोड एकदा कलतं करा. एकदाच. तुम्हाला ते एका सोंडेचं काम आहे."

म्होरक्या भला हत्ती होता. त्याने ओंडका खाली ठेवला, बेहड्यापाशी आला आणि खोडाखाली सोंड घातली. तेवढ्यात अंतोबा धावत आला.

"थांबा," तो म्हणाला. "हुकूम वाचलात का?"

पाटी अजून बुंध्याला लटकत होती. म्होरक्याने ती वाचली. कुणी, कधीही, कसल्याही कारणाने. त्याने सोंड काढून घेतली.

"हुकूम उभ्या झाडासाठी होता," गुणाजी म्हणाला.

"तसं त्यात लिहिलेलं नाही. आणि हा हुकूम आपल्याखातर काढलाय, गुणाजीराव. आज आपल्यासाठी मोडला तर उद्या कुणाहीसाठी मोडेल. मग या राज्यात टिकेल असं काय राहिलं?" अंतोबाच्या आवाजात खरोखरचे दुःख होते. "मी महाराजांकडे हरकारे धाडतो. परवानगी आली की लगेच उचलू."

म्होरक्या मान खाली घालून उभा राहिला आणि मग आपल्या ओंडक्याकडे परत गेला.

गुणाजी खोडाला टेकून बसला. सावरी आतून बोलत होती, पण शब्द कळत नव्हते. पिल्लाचा आवाज दुसऱ्या दिवशी सकाळी थांबला. सावरीचा त्यानंतर दीड दिवसाने. परवानगी चौथ्या दिवशी आली. तिच्यावर राजाची मुद्रा होती आणि खाली सहानुभूतीचे दोन शब्दही होते. बेहडा उचलून नदीत सोडला गेला, आणि त्या जागी नियमाप्रमाणे दोन रोपे लागली.

गुणाजी राज्य सोडून गेला नाही. जायला कुठे काही नव्हते, आणि अंतोबाने त्याला एकदा बाजूला घेऊन हळूच समजावले होते. "आपण काही बोललात तर प्रश्न निघेल की सावरीबाई कुणाच्या शब्दावर आत शिरल्या. तो प्रश्न न निघालेलाच बरा." गुणाजीलाही ते पटले. रोज रात्री तो हाच प्रश्न स्वतःला विचारत असे आणि तो दुसऱ्या कुणी विचारणे त्याला सोसले नसते.

पुढच्या वर्षी रेड्यांचे शिष्टमंडळ रान बघायला आले. रोपे आता मनगटाएवढी जाड झाली होती. रेडे रांगांमधून समाधानाने फिरले. मग त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "आणि धनेशाचं घर?"

अंतोबाने त्याची तयारी ठेवली होती. खारींनी आदल्या दिवशी ओली माती आणून एका रोपाच्या खोडावर गोल लिंपली होती. मधोमध काडीने उभी रेघ ओढली होती, धनेशीण दार लिंपून घेते तेव्हा उरते तशी. रोप गुणाजीच्या वजनाने वाकू नये म्हणून त्याला मागून बांबू बांधला होता. गुणाजीने फक्त तिथे येऊन बसायचे होते.

तो आला. घशात त्याने एक उंबर आणला होता. तसे कुणी सांगितले नव्हते, आणि तो कुठून, किती लांबून आणला हे कुणी विचारलेही नाही. त्याने फळ चोचीच्या टोकावर घेतले आणि अलगद त्या रेघेला लावून धरले. बराच वेळ धरले. मग सोडले. फळ खोडावरून घसरून खाली पडले.

रेड्यांना तेवढ्या लांबून ते फळ आतून कुणी घेताना दिसले की खाली पडताना, ते सांगता येत नाही. त्यांनी माना डोलावल्या, म्हाताऱ्याचे डोळे पाणावले, आणि पुढल्या दहा वर्षांचा करार तिथेच पक्का झाला. पाहुणे उसाच्या मेजवानीला निघून गेले.

गुणाजी खाली उतरला. फळ उचलून, त्याला लागलेली माती पिसांना पुसून तो पुन्हा वर गेला आणि ते रेघेला लावले. ते पडले. तो पुन्हा उतरला. त्याच्यामागे रांगेच्या टोकापर्यंत खारी कामाला लागल्या होत्या. दोघी ओली माती आणत होत्या, एक ती पुढच्या रोपावर गोल लिंपत होती, आणि एक हातात काडी घेऊन माती थोडी सुकायची वाट बघत होती.