बसलेले तीस, उभ्या चौतीस

नगराध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरायचा होता. इच्छुक दोघंच: तालुकाध्यक्ष दौलतरावांचा भाचा आणि माझ्या सासूबाई. सदस्यसंख्या फुगवायला दौलतरावांनी घरोघरच्या बायकांचे अर्ज भरून घेतले होते. मी सून होऊन आले, त्याच आठवड्यात माझाही भरला.

सभेला जेवण होतं. पुरुषांची पंगत आधी, आम्ही बायका वाढायला. पानात जिलबी पडताच दौलतराव गरजले, “भाच्याला ज्यांचा विरोध असेल, त्यांनी उभं राहावं!”

भरल्या पानावरून कोण उठणार? सासूबाईंनी हातातली आमटीची बादली खाली ठेवली.

“एकही नाही! म्हणजे भाचा बिनविरोध—”

“काका, मोजा तरी,” मी म्हटलं. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच तोंड उघडत होते. “बसलेले तीस, उभ्या आम्ही चौतीस. सगळ्या सदस्य.”

“अगं सूनबाई, तुम्ही वाढायला उभ्या आहात, विरोधाला नाही!”

“मग हे सगळे तरी जेवायला बसलेत, पाठिंब्याला कुठे?”

पंगतीत असा हशा उसळला, की दोघांना ठसका लागला. शेवटी चिठ्ठ्यांनी मतदान घ्यावं लागलं. सासूबाईंना अडतीस मतं पडली. जिलबी खाता खाता चार पुरुषही मनातून उभेच होते.