वीस पावलं मागे

त्या मुलखात अंगावरून उतरलेलं वजन कुठे जात नसे. ज्याचं त्याच्या मागे वीस पावलांवर ते उभं राही, त्याच्याच घडणीचं, धुरासारखं करडं. सगळे त्याला 'मागची' म्हणत. धनीण चालली की मागची चाले, धनीण थांबली की थांबे. बोलत मात्र नसे. नुसतं तिचं तोंड हलत राही, काहीतरी चघळत असल्यासारखं. तिच्याकडे वळून बघायचं नाही, एवढं लेकरांना लहानपणीच शिकवलं जाई. धनीण पुन्हा भरू लागली की मागची एकेक पाऊल जवळ येई आणि एक दिवस गुपचूप अंगात शिरे.

मुलखाला वाट एकच होती. पूर्वेच्या कड्यात एक उभी फट होती. उन्हाळ्यात अलीकडचा डोह आटू लागला की सगळे त्या फटीतून पलीकडच्या झऱ्यावर जात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोटांनी घासून तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, पण फट बोटभरही रुंद झाली नव्हती. मध्येच अडकून जे तिथेच राहिले, त्यांची हाडं मुंग्यांनी तळाच्या खाचेत नीट रचून ठेवली होती.

गोदी नावाची एक साळिंदरीण तिथे राहत होती. तिला एकुलती लेक, ठकी. ठकीची खोड अशी, की कुठलंही फळ दोन घास खायचं आणि "आई, हे तुला" म्हणत उरलेलं आईच्या तोंडाशी धरायचं. लेकीचं उष्टं टाकवतं कोणाला? गोदी खाई. त्या वर्षी रताळी उदंड झाली, उंबरांचा तर खच पडला. दोन घास लेकीचे, बाकीचं गोदीचं, असं करता करता गोदी रांजणासारखी भरली.

उन्हाळा लागला. गर्दीच्या रेट्यात ठकी फटीतून सुळकन पलीकडे गेली, आणि तिच्या मागोमाग शिरलेली गोदी खांद्यांत अडकली. चार काटे मोडले तेव्हा कुठे मागे निघाली.

"आई, ये ना!" पलीकडून आवाज आला.

"येते गं. तू परत फिरू नकोस, इथलं पाणी पुरायचं नाही. झऱ्याकाठीच बस."

"तुझ्यासाठी उंबर ठेवते. अर्धं."

डोहात तेव्हा गोदीच्या पोटाला लागेल इतकं पाणी होतं.

अडलेल्यांना वाट दाखवणारे तिथे दोघे होते. पहिले भारद्वाजबुवा. त्यांचे डोळे गुंजेसारखे लालभडक, आणि घरटंही गुंजेच्या वेलातच. बुवा प्रत्येकीला सकाळी तेवीस गुंजा मोजून देत. रताळ्याला आठ गुंजा, उंबराला तीन, मधाच्या बोटाला अकरा. जे खाल्लं त्याच्या गुंजा दगडाखाली टाकायच्या. गुंजा संपल्या की तोंड बंद. रानकाकडी तेवढी बिनगुंजेची.

"काही डोकं चालवायला नको, बाई," शेजारची कोंडा घोरपड गोदीला म्हणाली. "बुवांनी सगळं आधीच ठरवून ठेवलंय. आपण लाल दाणे टाकायचे आणि बारीक व्हायचं. आणि काकडीला तर कोणी विचारतच नाही, वेल संपेस्तोवर खा!"

आठव्या दिवशी बैठक असे. झुलत्या धोंड्यावर एकेकीने चढायचं. धोंडा आधीपेक्षा कमी कलला की बाकीच्या शेपट्या आपटून कौतुक करत. गोदीचा धोंडा दुसऱ्याच बैठकीत दोन बोटं वर आला. इतक्या शेपट्या तिच्यासाठी कधी आपटल्या नव्हत्या. तिला भरून आलं. फक्त धोंड्यावरून उतरताना तिची नजर चुकून मागे गेली. बैठकीच्या मागे वीस पावलांवर दुसरी बैठक बसली होती. करड्या रांगा, सगळ्यांची तोंडं हलत होती. त्यात शेवटी एक नवी होती. तिच्या पाठीवर काटे होते.

कोंडा तिसऱ्या बैठकीनंतर फटीतून गेली. "ठकीला सांगते, आई येतेय म्हणून!" असं ओरडून गेली. गोदीचं मात्र तिथेच अडलं. ती गुंजा साठवू लागली होती. बैठक झाली की साठवलेल्या सगळ्या एका बसणीला उडवायची, आणि मधल्या दिवसांत काकड्यांचे वेलच्या वेल फस्त करायची. हिशोबाप्रमाणे सगळं बरोबर होतं, तरी मागची तीन पावलं जवळ आली होती. त्यातच एक दिवस बुवा वेलावर बसून म्हणाले, "आजपासून रताळं अकराचं. उंबर पाचाचं. काकडीलाही दोन."

"का हो बुवा? काकडी काल होती तशीच आहे की."

"गुंजा मी देतो, गोदाबाई. का, ते मी देत नाही."

गोदी उरलेले दाणे हातात घेऊन बघत बसली. रताळ्यात आठ गुंजा नेमक्या कुठे होत्या, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. डोहाचं पाणी तिच्या गुडघ्याखाली गेलं होतं.

मग ती दुसरीकडे, म्हाताऱ्या मुंगीकडे गेली. मुंगी एकटीच असे, खाचेतल्या हाडांपाशी. तिच्याकडे ना बैठक होती ना धोंडा, कौतुक तर नव्हतंच. वणव्यात कोणती वस्तू किती जळते, हे मुंग्यांनी सात पिढ्या बघून ठेवलं होतं. रताळ्यात चाळीस ठिणग्या, उंबरात बारा, काकडीतही दोन-तीन असतातच.

"तुझं अंग दिवसाला दोनशे ठिणग्या जाळतं," मुंगी म्हणाली. "तू दीडशेच्या खा. पन्नास तुझ्या अंगातून जातील. एवढंच आहे. यात माझं काही नाही."

"आणि दर बदलले तर?"

"आग दर बदलत नाही."

गोदीला हायसं वाटलं. पहिल्यांदाच कोणी तिला आतलं दाखवलं होतं. ती मोजू लागली. कंद कुरतडण्याआधी मोजी, कुरतडल्यावर उरलेला मोजी. आणि खरंच, मागची एकेक पाऊल मागे सरत वीस पावलांवर जाऊन उभी राहिली. दिवसागणिक ती ठसठशीत होत होती, गोलमटोल होत होती. गोदीच्या बरगड्या दिसू लागल्या तसे मागचीचे गाल वर आले.

ठकी रोज सकाळी फटीशी येई.

"आई, आज काय खाल्लंस?"

"एकशे तीस."

ठकीने पलीकडून फटीत नाक खुपसलं.

"म्हणजे काय खाल्लंस?"

गोदीला खूप विचार करूनही आठवेना. कंद होता का पाला होता? चव कशी होती? आकडा तेवढा लख्ख आठवत होता. पुढे पुढे ती पानावरचं दव चाटण्याआधीही थबकू लागली. मुंगीने दीडशे सांगितले होते, गोदी नव्वदवर आली. कोणी शेपटी आपटत नव्हतं, कोणी थांब म्हणत नव्हतं.

डोहात आता नुसता चिखल उरला होता. ठकी फटीशी येत होती, पण हाक मारत नव्हती. तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येई, आणि मग ती जाई.

शेवटी गोदी मुंगीकडे गेली. "मावशी, आज मी जाणार. पण हे डोक्यातलं मोजणं थांबवायचं कसं, ते सांगा."

मुंगी हाडं रचत होती. हातातलं हाड खाली ठेवून म्हणाली, "ते मला कोणी शिकवलं नाही, पोरी." आणि पुन्हा रचू लागली. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास.

गोदी फटीत शिरली. या खेपेला खडकाला तिचा एक काटासुद्धा लागला नाही. कितीतरी पिढ्यांच्या पोटांनी घासलेल्या त्या कडा तिला शिवल्याच नाहीत. मागून खडकावर काहीतरी सरपटल्याचा आवाज येत होता. तिने वळून पाहिलं नाही.

पलीकडे ऊन होतं आणि झऱ्याचं पाणी खळाळत होतं. काठावर कोंडा पसरली होती. पलीकडे गुंजेचा वेल नव्हता, त्यामुळे तिची मागची केव्हाच तिच्या अंगात परत आली होती. तिने एक डोळा उघडला, गोदीकडे पाहिलं, ओळख न पटून पुन्हा मिटला.

ठकी धावत आली. उन्हाळ्याभरात ती वीतभर वाढली होती. तिच्या हातात सुकून चामट झालेलं अर्धं उंबर होतं, दोन घास खाल्लेलं.

"आई, हे तुला!"

गोदीचा ऊर भरून आला. एवढ्यासाठीच तर ती आली होती. तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून शब्द आले, "अर्ध्याच्या सहा. पण सुकलंय. सुकल्यावर किती?"

ठकीचा हात तसाच राहिला. तिने आईच्या बरगड्या पाहिल्या, खोल गेलेले डोळे पाहिले. आकडा लागेना म्हणून ते डोळे उंबरावरून हलत नव्हते. मग ठकीची नजर आईच्या खांद्यावरून मागे गेली. फटीच्या तोंडाशी कोणीतरी उभं होतं. रांजणासारखं भरलेलं, गालांचं, पोटाचं. ठकी ज्या पोटाला टेकून निजायची, ते पोट.

"आई?" ठकी म्हणाली, आणि गोदीच्या शेजारून फटीकडे पळाली.

तिने उंबर वर धरलं. मागचीचं हलणारं तोंड पहिल्यांदा थांबलं. तिने ते एका घासात खाल्लं, डोळे मिटून, आणि ठकीच्या पाठीवरून नाक फिरवलं. करडा रंग तिच्या अंगावरून उतरत गेला. मग दोघी अंगाला अंग लावून झऱ्याच्या काठाने निघाल्या, पुढच्या उंबराच्या झाडाकडे. ठकी काहीतरी सांगत होती, हसत होती. मागे मात्र वळून बघत नव्हती. तिला लहानपणीच शिकवलं होतं.

गोदी थोडा वेळ उभी राहिली. मग तीही निघाली. त्या थांबल्या की थांबत होती, त्या चालल्या की चालत होती, वीस पावलं मागे. तिचं तोंड हलत होतं.