गोंड्याचे केस आणि म्हाळूची कातर

खूप खूप वर्षांमागची गोष्ट आहे. तेव्हा जनावरं माणसांशी बोलायची. रोज उठून नाही हं. अगदीच राहवलं नाही तर.

त्या काळी एका माळावरच्या गावात म्हाळू नावाचा एक माणूस राहायचा. मेंढ्यांची लोकर कातरणं हे त्याचं काम, आणि त्या कामात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मेंढी पकडायची, एका हिसक्यात उताणी पाडायची, चारही पाय दोरीने बांधायचे आणि कातर चालवायची. मेंढी हूं की चूं करायची नाही. दिवसाला तीस मेंढ्या तो हातावेगळ्या करायचा आणि कोणी विचारो न विचारो, ते सगळ्यांना सांगायचा.

"म्हाळूच्या हाताखाली जनावर कसं निवांत पडतं बघा," असं लोक म्हणाले की त्याची छाती फुगायची. "इस्वास हाय त्यांचा माज्यावर," तो म्हणायचा.

म्हाळूच्या बायकोचं नाव ठकू. तिने एक कुत्रं पाळलं होतं. कुठल्या तरी दूरदेशीच्या व्यापाऱ्यांचा तांडा माळावर उतरला होता, तो निघून गेला आणि हे पिल्लू मागे राहिलं. मोठं झालं तरी मांजराएवढंच. अंगावर मात्र केसच केस, आणि तेही वाढतच राहणारे. उभं राहिलं की तोंड कोणतं आणि शेपूट कोणती, हे भुंकल्याशिवाय कळायचं नाही. ठकूने त्याचं नाव गोंडा ठेवलं.

"ह्ये काय कुत्रं म्हनायचं? ह्ये तर टोपीला लावायचं," असं म्हाळू चारचौघांत म्हणायचा. पण संध्याकाळी घरी आला की गोंडा त्याच्या गुडघ्यांवर उड्या मारायचा, आणि ठकूची पाठ वळली की भाकरीचा पहिला तुकडा कोणाच्या तोंडात जायचा, हे मी तुम्हांला सांगायला नको.

एका वर्षी पावसाळा सरला, माळावरचं गवत वाळलं आणि कुसळांचे दिवस आले. कुसळ म्हणजे गवताचं टोकदार बी. एकदा केसांत शिरलं की पुढेच सरकतं, मागे फिरत नाही. गोंडा दिवसभर माळावर हुंदडून यायचा आणि कुसळं, गोखरू, काटेकुटे सगळं अंगावर घेऊन यायचा. काखेतल्या आणि कानामागच्या केसांच्या अशा जटा झाल्या की त्या थापून घोंगडी करून विकावी. चालताना त्याला ओढ बसायची. तो सारखं डोकं झटकायचा.

"अवं, ह्येचं केस मोकळं कराया पायजेत," ठकू म्हणाली. "म्या रोज थोडं थोडं करीन म्हनते."

"रोज?" म्हाळू हसला. "दिसाला तीस मेंढरं कातरनारा मानूस घरात बसलाय, आन् ह्या मूठभर जिवाला रोज? तू चुलीवर कालवन ठेव. त्याला उकळी फुटायच्या आत तुजा गोंडा चकचकीत करून देतो."

आणि त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. गोंड्याला पकडलं, उताणं पाडलं, चारही पाय दोरीने बांधले आणि मेंढ्यांची ती मोठी कातर काढली.

पण गोंडा काही मेंढी नव्हता. तो वळवळला, पिळवटला, घशातून असा आवाज काढू लागला की ठकू चुलीपासून धावत आली. म्हाळूला राग आला. त्याने पकड आणखी आवळली, काखेतली जट ओढून धरली आणि घाईघाईने कातर चालवली. जट ओढली की तिच्याबरोबर खालची कातडीही वर येते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कातरीने जट कापली आणि कातडीही कापली.

गोंडा किंचाळला आणि म्हाळूच्या अंगठ्याला कडकडून चावला. दोरी सुटली. तो तीन पायांवर लंगडत पळाला आणि कडब्याच्या गंजीखाली शिरला. मागे जमिनीवर रक्ताचे थेंब पडले होते.

ठकूने काही बोलायचं ठेवलं नाही. मग तिने हळद आणली, ती गंजीपाशी बसली आणि गोंड्याला हाका मारून मारून तिचा घसा बसला. तो भाकरीपुरता पुढे यायचा, पण तिचा हात केसांकडे वळला की दात दाखवायचा. जखम त्याने चाटून चाटून स्वच्छ केली होती. जखमेची तितकी भीती नव्हती. भीती वेगळीच होती.

"मान तिरकी धरून बसतोय बगा," ती म्हणाली. "कुसळ कानात गेलंय. आत पोचलं तर कान सडंल त्याचा. आन् मंग…"

म्हाळूने गंजीखाली वाकून पाहिलं. पण हार मानायची त्याला सवय नव्हती. "उद्या दोघं गडी आनतो," तो म्हणाला. "पोत्यात धरू आन् काढू."

"धरा," ठकू म्हणाली. "कुसळ निगंल. जीव बी त्येच्याबरूबर निगंल."

म्हाळू तरातरा उठला आणि मेंढ्यांच्या वाड्यात जाऊन बसला. अंगठा ठणकत होता. समोर त्याची जुनी, दात पडलेली मेंढी रवंथ करत होती. बारा वर्षं तो तिची लोकर कातरत आला होता.

"तुमीच बऱ्या," तो तिला म्हणाला. "गुमान पडता. इस्वास ठेवता. त्या कुत्र्याला भाकरी चारली मी, आन् माजाच अंगठा फोडला त्यानं!"

मेंढीने रवंथ थांबवलं. मी मघाशी म्हणालो ना, अगदीच राहवलं नाही तर जनावरं बोलायची? त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"म्हाळू," ती म्हणाली, "उतानं पाडून पाय बांदलं की मेंढराला वाटतं, सपलं आता आपलं. मंग त्ये हालत न्हाई. आशाच सुटली, तर हालायचं कशापायी?"

म्हाळू तिच्याजवळ सरकला. "म्हंजी तू… भ्यायलेली असायचीस?"

"दर खेपंला."

तिने पुन्हा रवंथ सुरू केलं. थोड्या वेळाने, जणू आत्ताच आठवलं तसं, ती म्हणाली, "त्या गोंड्याची आशा अजून सुटली न्हाई. म्हनून चावला. बरं हाय त्ये."

म्हाळूला शरमेने बसवेना. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर त्याने मिशा पिळल्या होत्या, ती गोष्ट अशी होती तर! त्याला रडू आलं, आणि ते त्याने पुसलंही नाही. बघायला मेंढ्यांशिवाय होतं कोण?

सकाळी तो गडी आणायला गेला नाही. मोठी कातर आढ्याला टांगली आणि रिकाम्या हाताने गंजीजवळ जाऊन बसला. नुसता बसला. गोंडा गुरगुरत होता. म्हाळूने दह्यात कालवलेली भाकरी पुढे सरकवली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने लाकडाची फणी बरोबर नेली आणि जमिनीवर ठेवली. गोंड्याने ती लांबून हुंगली, मग जवळून हुंगली. एवढंच झालं. तिसऱ्या दिवशी म्हाळूने फणीची पाठ त्याच्या पाठीवरून एकदा फिरवली, लोण्याचं बोट चाटवलं आणि गोंडा कंटाळायच्या आत स्वतःच उठून गेला. चौथ्या दिवशी गोंडा गंजीबाहेर येऊन त्याची वाट बघत होता.

झालं, म्हाळूचा जुना स्वभाव उसळला. पाचव्या दिवशी छातीवरच्या दोन जटा बोटांनी तेल लावून सुटल्या, आणि त्याला वाटलं, एवढी आणखी एक काढूनच टाकावी. गोंड्याने मान वळवली. ओठ चाटले. अंग आखडलं. हे सगळं म्हाळूला दिसलं, तरी त्याने जट ओढली. गोंडा एका उडीत गंजीखाली, आणि पुढचा अख्खा दिवस बाहेर आला नाही.

"तीस मेंढरांचा म्हाळू!" कुंपणापलीकडून शेजारी ओरडला. "एक कुत्रं आठ दिस झालं सपंना व्हय?"

म्हाळू फणीतले केस काढत राहिला. त्याच्या मनात एकच होतं. कुसळ रोज आत सरकत असेल. घाई केली तर गोंडा पळेल, घाई नाही केली तर कान जाईल. रात्रंदिवस हीच टोचणी. आणि तरीही घाई करायची नाही, हे त्याने दातओठ खाऊन ठरवलं.

ठकू आता त्याच्या बाजूला बसू लागली. घसरायला होऊ नये म्हणून तिने जमिनीवर जाड घोंगडी अंथरली. एक हात गोंड्याच्या छातीखाली नुसता टेकवलेला, धरलेला नाही, आणि दुसऱ्या तळव्यावर लोणी. म्हाळू ओढ कातडीला बसू नये म्हणून केस मुळाशी चिमटीत धरायचा आणि टोकापासून वर मोकळे करत जायचा. जी जट सुटेचना, तिच्या आणि कातडीच्या मधे आधी फणी सरकवायची, मगच लहान कात्रीने फणीच्या वरचे केस कापायचे. कातडीला कात्री लागणारच नाही. आणि गोंड्याने ओठ चाटले की सगळं थांबवायचं, मग जट अर्धी राहिली असली तरी.

नवव्या दिवशी सकाळी उन्हात बसले असताना गोंडा हळूच पुढे आला आणि त्याने आपलं तिरकं डोकं म्हाळूच्या मांडीवर टेकवलं. दुखरा कान वर.

म्हाळूने हळूच कानावरचे केस बाजूला केले. आत, अगदी कडेला, कुसळाचं टोक दिसत होतं. कान लाल झाला होता, सुजला होता. कदाचित त्या सुजेनेच कुसळाला अडवून धरलं होतं. उद्यापर्यंत ते दिसलं असतं की नाही, कोण जाणे.

"धरू का घट्ट?" ठकू कुजबुजली.

म्हाळूने क्षणभर डोळे मिटले. "नको," तो म्हणाला. "त्येला जायचं असंल तर जाऊ दे."

त्याने दोन नखांत टोक पकडलं आणि सरळ बाहेर ओढलं. कुसळ अख्खं आलं, मागोमाग पू आला. गोंडा कळवळून ओरडला, उसळला आणि पळाला. अंगणाचं दार सताड उघडं होतं. समोर सगळा माळ पसरला होता.

म्हाळू तसाच बसून राहिला, मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. त्याने हाक मारली नाही.

गोंडा दारापाशी थांबला. त्याने जोरात डोकं झटकलं, एकदा, दोनदा. कितीतरी दिवसांनी त्याची मान सरळ झाली होती. त्याने माळाकडे पाहिलं, मग म्हाळूकडे पाहिलं, आणि तुरुतुरु परत येऊन डोकं पुन्हा त्याच मांडीवर टेकवलं. ठकूने पदराने डोळे पुसले. म्हाळूला तर काहीच दिसत नव्हतं, डोळे इतके भरले होते.

गोंड्याचा कान बरा झाला. त्याचे केस पुढे रोज सकाळी विंचरले जाऊ लागले, दोन घास भाकरी खाऊन होईपर्यंत, त्याहून जास्त नाही. आणि पुढच्या हंगामात म्हाळूने मेंढ्यांना हिसका देऊन पाडणं सोडलं. तो आधी मेंढीजवळ बसायचा, तिला हुंगू द्यायचा, मग कातर हातात घ्यायचा. दिवसाला तीस मेंढ्या होईनात. बारा झाल्या तरी खूप. काही लोक म्हणाले, म्हाळूचा हात गेला. पण त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही मेंढीच्या अंगावर कातरीचा ओरखडा दिसला नाही, आणि कोणी त्याच्या कौशल्याची वाहवा केली तर तो नुसता अंगठ्यावरचा व्रण चोळायचा.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: पळायची वाट मोकळी असताना जो जीव आपल्यापाशी थांबतो, त्याचाच आपल्यावर खरा विश्वास असतो.