जाळ्यावरची पाकळी

‘सगळ्यांसाठी’ म्हणून काही बांधायचे आणि त्या सगळ्यांत कोण कोण येते हे विचारायचेच नाही, असे करणारे आहेत. मुलांनो, मी नावे घेत नाही. ज्यांनी केले त्यांना ते ठाऊक आहे.

एका जंगलात एक आंधळी चिचुंद्री राहत असे. चिचुंद्रीचे पिल्लू आईची शेपटी तोंडात धरून मागे मागे चालते. एका वर्षी ओढ्याला पूर आला आणि पाण्यात तिच्या एकुलत्या पिल्लाची पकड सुटली. तेव्हापासून ती चालता चालता मध्येच थांबे. शेपटीला ओढ लागते का, याची वाट पाही.

पूर्वी टिटवी रानभर ओरडून निरोप सांगत असे. मग मोराने कोळ्याकडून दोन झाडांमध्ये मोठे जाळे विणून घेतले. निरोप देणाऱ्याने त्यावर पाकळ्यांची खूण लावायची, बाकीच्यांनी ती पाहून जायची. टिटवीला घरी बसवले. चिचुंद्री रोज जाळ्याखाली येऊन विचारी, माझ्या बाळाचे काही आहे का? तिच्या वासाने नाक मुरडत कुणी बघतो म्हणे, कुणी उद्या ये म्हणे. मोर म्हणाला, “मावशी, असे देखणे जाळे दुसऱ्या कुठल्या रानात नाही.”

“असेल बाबा,” ती म्हणाली. “पण ते माझ्याशी बोलत नाही.”

एकदा तिने कोळ्यालाच गाठले. “दादा, जाळ्यात माशी अडकली हे तुला कसे कळते? बघत बसतोस?”

“छे, मला कुठे धड दिसते? धागा हलला की पायाला कळते.”

“मग मलाही धाग्यावरच सांग की.”

जाळे कसे दिसावे एवढेच मोराने कोळ्याला सांगितले होते आणि त्यानेही तेवढेच ऐकले होते. त्याने लगेच प्रत्येक खुणेशेजारी गाठी मारल्या आणि कोणत्या गाठीचा अर्थ काय, ते चिचुंद्रीला शिकवले. ती एकेक धागा चाचपत गेली. अगदी खाली, वाळून गेलेल्या जुईच्या पाकळीजवळ तिचा पंजा थांबला. पिल्लू. ओढ्यापलीकडे. बोरीखाली. आई, ये.

ती धावत गेली. बोरीखाली पाचोळ्यात एक इवलासा खळगा होता. त्याला बाळाचा वास होता, ऊब नव्हती. ती खळग्यात अंग मुडपून बसली. बोरीवरची खार खाली आली. वाट पाहून थकलेले पिल्लू डोंगरापलीकडे निघालेल्या घुशींच्या मागे गेले, असे तिने सांगितले. मग खार म्हणाली, “रोज विचारायचं, आईनं निरोप वाचला असेल ना? आम्ही म्हणायचो, जाळ्यावर लावलाय रे, सगळ्यांना दिसतो.”

तात्पर्य : रानातले जाळे असो की आपले संकेतस्थळ, ज्यांना दिसत नाही त्यांनाही ते पहिल्या दिवसापासून वाचता आले पाहिजे; मागाहून मारलेली गाठ निरोप पोचवते, गेलेली वेळ परत आणत नाही.