कोंडीनं वाटून दिलेले ठाव

फार वर्षांपूर्वी, घाटाला गाडीवाट फुटली नव्हती आणि मेटखोल गावात उंबऱ्यांपेक्षा सांबरं जास्त होती, त्या काळात तिथं कोंडी नावाची एक बाई राहत होती. ती किती उंच होती, दिसायला कशी होती, हे कुणीच सांगत नाही. तिचे डोळे मात्र सांबरासारखे होते, असं म्हणतात. मला विचाराल तर सततच्या जागरणानं कुणाचेही डोळे तसे होतात. पण गोष्ट सांगायची तर गावानं सांगितली तशीच सांगावी.

कोंडी मूळची तिथली नव्हती. ती आणि तिचा नवरा मालू खालच्या मुलखातून घाट चढून आले होते. आल्या वर्षीच शिमग्याच्या हाकाऱ्याला मालूही गेला. हाकारा म्हणजे अर्ध्या गावानं ओरडत, डबडी वाजवत जनावरं उठवायची आणि उरलेल्यांनी बंदुका घेऊन आपापल्या ठावावर दबा धरून बसायचं. ठाव ही ज्याची त्याची जागा. बापानं मुलाला दाखवायची, तिसऱ्याला कळू द्यायची नाही. मालूला कुणी ठाव दाखवला नाही. तो आपला दिसेल तिथं, कड्याच्या तोंडाशी उभा राहिला. उठलेला कळप नेमका तिथूनच गेला आणि जाताना मालूला कड्याखाली घेऊन गेला.

"नशीब त्याचं," गाव म्हणालं.

कोंडी माहेरी गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रानात जाऊ लागली. सात वर्षं ती सांबरांच्या मागं चालली, असं म्हणतात. कुठल्या खुराचा माग कुठं जातो, वारा कुठल्या घळीत वळतो, मादी पाडसाला कुठं लपवते, सगळं तिला पाठ झालं. चिखलातला एक खूर बघून ती सांगायची, "ही गाभण आहे. हिच्या वाटेला जाऊ नका."

मग एका साली खालच्या मुलखात पाऊस पडला नाही आणि अकरा घरं घाट चढून वर आली. ही माणसं माळावरची. काळवीट दिसलं की आरडाओरडा करत धावायचं, दमवायचं आणि धरायचं, ही त्यांची शिकार. इथंही ते तसेच धावले, तेही वाऱ्याकडं पाठ करून. सांबरांना त्यांचा वास कोसभर आधी लागला. महिनाभर मेटखोलच्या रानात एक खूर उमटला नाही.

गाव चिडलं. बहिर्जी पाटलानं अकराही घरांना बोलावलं. "शिमग्याला ठावावर बसून एक नर पाडून दाखवा. मादी नको, पाडस नको. जमलं तर राहा. नाही जमलं तर घाट उतरा."

खाली उतरून खायचं काय, हे पाटलानं सांगितलं नाही. त्या अकरांत रायाजी नावाचा एक होता. त्याची बायको सगुणा दोन महिन्यांची बाळंतीण होती आणि उपासानं तिचं दूध आटलं होतं. पोर रडायचंही थांबलं होतं. रडणारं पोर परवडतं, गप्प पोर नाही.

कोंडी सगुणाकडं पेज घेऊन गेली, पोराच्या पोटाला हात लावून पाहिला आणि तिथून थेट गावातल्या शिकाऱ्यांची दारं वाजवायला निघाली.

"एकाला हाताखाली घे," ती प्रत्येक दारात म्हणायची.

"ठाव दाखवू? आमच्या बापाचा?"

"तुझ्या बापाचा ठाव मला ठाऊक आहे. मोहाच्या बुंध्यामागं, डाव्या अंगाला. सांगू सगळ्यांना?"

"कोंडे, हळू बोल की!"

"मग घे एकाला."

एक जण हुशार निघाला. "तुला एवढं सगळं ठाऊक आहे, तर तूच शिकव की अकराजणांना!"

"जागा मी दाखवीन. पण दोन प्रहर चिलमीची तलफ दाबून बसायचं कसं, हे शेजारी कुणीतरी बसल्याशिवाय येत नाही. आणि मी एकाच वेळी अकरा झाडांखाली कशी बसू?"

अशी दहा दारं झाली. कुणी लाजून हो म्हणालं, कुणी वैतागून. उरला रायाजी, आणि उरलं सुभान ढेब्याचं दार.

सुभानतात्या म्हणजे गावातला पहिला नेम. हाकाऱ्याचा म्होरक्या तोच. मालू गेला त्या सालीही तोच होता.

"माझा ठाव माझ्याबरोबर जळंल," तो म्हणाला.

"जळू दे. तोवर मी इथं बसते." आणि कोंडी अंगणात बसली.

पहिल्या दिवशी सुभाननं तिच्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, त्यावरून घरात भांडण झालं. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, बारा शेर वजनाच्या शिंगांचा एक नर रानातून उतरला आणि गावातून चालत सुभानच्या अंगणात आला. कुत्री भुंकली नाहीत, असं म्हणतात. त्यानं कोंडीच्या हातावरचं घामाचं मीठ चाटलं आणि तिथंच उभा राहिला.

सुभाननं बंदूक उचलली. नर हलला नाही. कोंडीही हलली नाही.

"मारा की, तात्या," ती म्हणाली. "दारात आलेल्याला मारायचं का आत घ्यायचं, ते तुम्ही ठरवा."

सुभानची बंदूक खाली आली. नर आल्या वाटेनं निघून गेला.

मग सुभान म्हणाला, "त्या दिवशी मालूनं मला विचारलं होतं, तात्या, मी कुठं उभा राहू? मी म्हणालो, कळंल तुझं तुला."

"नाही कळत, तात्या," कोंडी म्हणाली. "सांगितल्याबिगर कुणालाच कळत नाही."

त्याच संध्याकाळी सुभान रायाजीला ठावावर घेऊन गेला. पंधरा दिवस अकराही जणांनी बंदुकीला हात लावायचा नाही, असं कोंडीनं बजावलं होतं. नुसतं बसायचं. वारा ओळखायचा, माशी हाकलायची नाही, खोकला गिळायचा. रायाजीला तिसऱ्या दिवशी पायाला मुंग्या आल्या आणि तो हलला. सुभाननं त्याला ढेकूळ मारलं. दहाव्या दिवशी सुभानच खोकला. रायाजीनं हळूच ढेकूळ उचलून त्याच्यासमोर ठेवलं, आणि म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा ठावावर हसला.

शिमगा आला. हाकारा उठला. अकरा ठावांवर अकरा नवखे बसले, प्रत्येकाच्या शेजारी त्याचा शिकवणारा रिकाम्या हातांनी. दहा ठावांवर काहीच आलं नाही. अकराव्यावर, रायाजीसमोर, दिवस कलताना एक मादी आली. चार हातांवर. तिच्या मागं पाडस. रायाजीनं नेम धरलेला होता. घरी पोर गप्प पडलेलं होतं. सुभान हूं की चूं करत नव्हता.

रायाजीनं बंदूक खाली घेतली. मादी गेली, पाडस गेलं. मग दुसरं काही आलं नाही.

होळी पेटायच्या आधी सगळे चौकात जमले. सगुणानं नवऱ्याचे रिकामे हात पाहिले.

"काहीच आलं नाही?"

"आली होती. लेकुरवाळी होती."

सगुणानं मांडीवरच्या पोराकडं पाहिलं. "बरं केलंत," ती म्हणाली, आणि पदरात तोंड लपवलं.

पाटील म्हणाला, "नर पडला नाही. बोलणं झालं होतं. उद्या घाट उतरा."

तेव्हा सुभान उठला. "पाटील, शिकवणारा मी. हा चुकला असंल तर मी चुकलो. याच्याआधी मी उतरतो." त्यानं बंदूक पाटलाच्या पायाशी ठेवली. मग मोहाच्या बुंध्यामागचा उठला. मग तिसरा. एकामागून एक अकरा बंदुका जमिनीवर आल्या.

पाटलानं बंदुकांकडं पाहिलं, मग कोंडीकडं. "कोंडे, हे तुझं काम."

"नाही, पाटील. आता त्यांचं."

कुणीच घाट उतरलं नाही. त्या दिवसापासून शिकारीतला पहिला वाटा बाळंतिणीच्या घरी जाऊ लागला. रायाजीचं पोर महिन्याभरात इतकं मोठ्यानं रडायला लागलं, की पलीकडच्या डोंगरावर ऐकू जायचं, असं म्हणतात.

पुढं कितीतरी जण घाट चढून आले. कोंडीनं प्रत्येकाला ठाव दिला आणि शेजारी बसायला माणूस दिला. एके सकाळी ती रानात गेली ती आली नाही. सुभान माग काढत गेला. ओल्या मातीत बाईची पावलं आणि सांबराचे खूर जोडीनं चालले होते. पुढं खडक लागला. खडकावर माग कसा काढणार?

आता मेटखोलमध्ये शिकार नाही. रान सरकारी झालं, बंदुका जमा झाल्या, आणि सांबरं बिनधास्त लोकांचा वाल खातात. पण शिमग्याला होळी पेटवण्याआधी गाव अजून गोल उभं राहतं. नव्यानं आलेल्यांना कुणी काहीच विचारत नाही. विचारायचं ते जुन्यांना. "यंदा तुझ्याशेजारी कोण बसलं?" मग नावं येतात. नवी सून. दवाखान्यातली नर्सबाई. बदलून आलेल्या मास्तरांची भेदरलेली बायको, जिला चूल पेटवायला चार जणींनी शिकवलं. ज्याच्याकडं नाव नसतं, त्याला कुणी बोल लावत नाही. तो गोलातून निघतो, नवख्यांपैकी एकाच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि त्याचं नाव विचारतो. सगळ्यांची नावं होईपर्यंत होळी पेटत नाही, मग कितीही वेळ लागो.