माथ्याखालचा कातळ

एकदा एका बाजारगावात एक वृद्ध गुरुजी राहत असत. नरहरी गुरुजी त्यांचे नाव. गावाच्या पूर्वेला मोरटेक नावाची देखणी टेकडी होती. तिच्यावरची झाडे, पाखरे, जुन्या वाटा यांविषयी गुरुजींइतके जाणणारा पंचक्रोशीत दुसरा कोणी नव्हता. बुधवारच्या आठवडी बाजाराला आलेले परगावचे लोक बाजार भरण्याआधी त्यांच्या दारी येत आणि विचारत, "गुरुजी, टेकडी दाखवता का?" गुरुजी काठी उचलत आणि निघत.

त्यांचा शिष्य दिगंबर नेहमी सोबत असे. तिशीतला, स्वतःही शाळेत शिकवणारा. त्याला एका गोष्टीचे फार कुतूहल होते. माथा शंभरेक पावलांवर आला की गुरुजी एका सपाट कातळावर बसत आणि पाहुण्यांना म्हणत, "आता पुढे तुम्ही जा." स्वतः कधीही वर जात नसत. गुडघे दुखत असतील म्हणावे, तर तोवरची खडी चढण ते सर्वांच्या पुढे राहून चढलेले असत. काही व्रत असेल? वर कधी काही विपरीत घडले असेल? दिगंबरने दोनदा विचारलेही होते. गुरुजी हसले आणि त्याला करवंदाची जाळी दाखवू लागले.

एका वैशाखात तानूबाई नावाची सत्तरीची बाई आली. दूरच्या शहरात लेकाकडे राहणारी. बाजाराच्या गाडीने एकटीच आलेली. कातळापाशी गुरुजी नेहमीप्रमाणे बसले. म्हातारीला एकटी कशी सोडायची, म्हणून दिगंबर तिच्याबरोबर वर गेला.

माथ्यावर वारा होता. दिगंबरला उत्साह आला. "ती पाहा आजी, बाजाराची पत्र्याची छपरं. तो तिकडे घाट. आणि हे निळं दिसतं ना, ते धरण. हिवाळ्यात इथे परदेशी पाखरं उतरतात." खांद्याला धरून त्याने तिला चारही दिशा दाखवल्या. तानूबाई "हो बाळा, हो" म्हणत राहिली. ऊन तापू लागले तसा तो म्हणाला, "चला, उतरू या."

खाली आल्यावर गुरुजींनी तिला पाणी दिले. "काय पाहिलंत, बाई?"

"लई दाखवलं ह्या पोरानं. लई माहिती हाय त्याला." ती जरा थांबली. "माझं तेवढं ऱ्हायलं."

"काय राहिलं?"

"आमची वाडी त्या धरणात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की मारुतीच्या देवळाचा चौथरा उघडा पडतो म्हनं. त्याच्या मागं माझ्या आईचं घर. एकदा डोळं भरून बघावं म्हनून आले हुते. पर हा इतक्या मायेनं सांगत हुता, मधी कसं बोलू?"

दिगंबरचा चेहरा उतरला. "आजी, मला सांगायचं ना!"

"तू इचारलं न्हाईस, बाळा," तानूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

मग गुरुजी म्हणाले, "दिगंबर, पूर्वी मीही माथ्यापर्यंत जात असे. बोट करून एकेक स्थळ दाखवत असे. एकदा एक कुंभार आला होता. मी बोलत असताना तो वाकून तिथली माती चिमटीत चोळून पाहत होता. मी म्हणालो, 'अहो, इकडे बघा!' त्याने माती टाकली आणि मुकाट्याने माझ्या बोटाकडे पाहिले. ती माती त्याला काय सांगत होती, हे मला आजतागायत कळलेले नाही. तेव्हापासून मी इथे बसतो. वाट चुकू नये म्हणून इथवर सोबत करणे हे माझे काम. इथून पुढे माझे ज्ञान माणसाच्या डोळ्यांच्या आड येते."

दिगंबरने मान खाली घातली. तानूबाई उतरणीला लागण्यासाठी उठत होती.

"आजी," तो हलकेच म्हणाला, "पुन्हा चढवेल का?"

तिने गुडघे चाचपले, वर पाहिले. "चढवंल की."

या वेळी माथ्यावर तो तिच्या एक पाऊल मागे उभा राहिला. धरणाविषयी दोनदा काहीतरी ओठांवर आले. त्याने ते गिळले. तानूबाईने डोळ्यांवर हात आडवा धरला होता. बराच वेळ गेला. मग तिने खाली बोट केले.

"त्यो बघ. चिखलात काळं चौकोनी दिसतंय."

दिगंबरने ते पाणी शेकडो वेळा पाहिले होते. तो चौथरा त्याला आज पहिल्यांदाच दिसला.

"आणि घर, आजी?"

"घर न्हाई दिसत. जागा दिसती." तिने पदराने डोळे टिपले आणि तिथेच गवतावर बसली.

दिगंबर तिच्या शेजारी बसला आणि विचारू लागला, दार कोणत्या अंगाला होतं, अंगणात झाड कसलं होतं, आई हाक कशी मारायची.